२२६ मैलांची ८५ मिनिटं

मागच्या खेपेला माझा धाकटा भाऊ विमानतळाबाहेर पाऊण तास उभा होता, आणि चूक माझी होती. सुटण्याची वेळ दुपारी २ वाजून १० मिनिटांची. ऑनलाइन अंतर काढून देणाऱ्या एका गणकयंत्रात दोन्ही विमानतळांची नावं टाकली, त्याने ‘उड्डाणवेळ ५० मिनिटं’ असं सांगितलं आणि मी त्याला कळवून मोकळी झाले, तीनला बाहेर ये. विमान तिकडे लागलं ते साडेतीनच्या पुढे. फोन चालू केला तर त्याचा निरोप पडलेला होता : “ताई, तू निघालीस तरी का नक्की?”

तिकिटावर १ तास २५ मिनिटं स्पष्ट छापली होती. मी ती बघितली नव्हती असंही नाही. पण मला वाटलं, कंपनी आपली सोयीने वाढवून लिहीत असेल. हे अर्धं खरं निघालं, त्याबद्दल पुढे येईनच.

या खेपेला त्याच मार्गाने जायचं ठरलं तेव्हा मनाशी म्हटलं, आता हा हिशेब आपणच करायचा. दोन्ही विमानतळ लहान, मधे कुठे थांबा नाही, दोन्हीकडे घड्याळ एकच. विमान एटीआर ७२, म्हणजे पंख्यांचं. यात अवघड ते काय असणार? अंतर काढा, वेगाने भागा.

अंतरापासूनच फसले. विमानतळाचे अक्षांश-रेखांश सहज मिळतात. ते टर्मिनलच्या दाराचे नसतात, धावपट्टीच्या साधारण मध्याजवळ मानलेल्या एका संदर्भबिंदूचे असतात, एवढं कळलं. एका विमानतळाचा अक्षांश २१ अंश २० मिनिटं, दुसऱ्याचा १८ अंश ५० मिनिटं, आणि रेखांशांतला फरक नेमका ३ अंश. जायचं नैऋत्येला. मी सूत्रात २१.२० आणि १८.५० टाकून दिलं. उत्तर आलं ४३४ किलोमीटर. सगळी गणकयंत्रं मात्र एकमुखाने ४१९ म्हणत होती.

पंधरा किलोमीटर कुठे गेले, हे शोधण्यात एक संध्याकाळ गेली. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे, असं काहीबाही वाचत बसले. तो फरक खराच आहे, पण एवढ्याशा अंतरात त्याचा परिणाम जेमतेम अर्धा किलोमीटर. चूक त्याहून बाळबोध होती. २१ अंश २० मिनिटं म्हणजे २१.२० नव्हे, २१.३३. अंशाची ६० मिनिटं असतात, १०० नाही. वेळेचंही आपण असंच करतो. कुणी ‘१.२५ तास’ लिहिलं की एकजण सव्वा तास वाचतो, दुसरा एक तास पंचवीस मिनिटं, आणि दोघांमधली दहा मिनिटं कुणाच्याच लक्षात येत नाहीत.

चूक सापडल्यावर मात्र तीच मिनिटं फार कामाची आहेत असं दिसलं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. (हा नेमका आकडा १९२९ साली मोनॅकोतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला.) मग सूत्रबित्र काही नको. अक्षांशांतला फरक अडीच अंश, म्हणजे १५० मैल. रेखांशांतला फरक ३ अंश, म्हणजे १८० मिनिटं. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. अक्षांश २० च्या आसपास, कोसाइन ०.९४. झाले १६९ मैल. १५० आणि १६९ च्या बाजूंचा काटकोन त्रिकोण, त्याचा कर्ण २२६. गुणिले १.८५२ केलं की ४१९ किलोमीटर. शाळेतला पायथागोरस! हजारो मैलांच्या प्रवासाला हे चालणार नाही, तिथे गोलावरची भूमिती लागते, पण लहान विमानतळांच्या जोडीला पुरून उरतं. मी हे पाकिटाच्या मागच्या बाजूला केलं आणि ते पाकीट अजून ठेवलंय.

आता वेळ. एटीआरचा वरचा वेग ताशी २७० नॉटच्या आसपास धरतात, आणि एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. २२६ भागिले २७०, आली ५० मिनिटं. म्हणजे मागच्या खेपेचं गणकयंत्र खोटं बोलत नव्हतं. विमान दारातून निघाल्याबरोबर पूर्ण वेगात आणि थांबतानाही पूर्ण वेगात, असं धरलं की ५० येतात. दुसऱ्या एका गणकयंत्राने १ तास १ मिनिट दिलं. (त्या एका मिनिटाचं मला फार कौतुक वाटलं.) त्याची रीत वेगळी : विमान कुठलंही असो, ताशी ८०० किलोमीटरचा जेटचा वेग धरायचा आणि चढ-उताराला सरसकट अर्धा तास घालायचा. ३१ अधिक ३०. दोन चुका एकमेकींना सावरून धरतात आणि उत्तर बऱ्यापैकी दिसतं.

इथे मला काकांची आठवण झाली. आमच्या ओळखीतले हे काका निवृत्त होईपर्यंत एका विमान कंपनीत डिस्पॅचर होते. वैमानिकाच्या हातात उड्डाणाचा आराखडा देणारा माणूस तो डिस्पॅचर. मार्ग कुठला, उंची किती, इंधन किती, हे सगळं त्याच्या टेबलावर ठरतं. मी पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, २२६ वर बोट ठेवलं.

“हे बरोबर आहे. पण विमान इथून जात नाही.”

“म्हणजे?”

“अगं, हे नाकासमोरचं अंतर झालं. विमानाला रस्ता असतो.”

मी हसले. आकाशात कसला रस्ता? त्यांनी पाकिटावर माझ्या सरळ कर्णाशेजारी एक मोडकी रेघ काढली. निघताना धावपट्टी ज्या दिशेला असेल त्या दिशेला उडायचं, मग वळून मार्गाला लागायचं. मार्गावर पाच अक्षरांच्या नावांचे बिंदू असतात. ती नावं बहुधा निरर्थक, फक्त उच्चारता येतील आणि एकमेकांत गफलत होणार नाही अशी बेतलेली. एका बिंदूवरून दुसऱ्यावर, आणि शेवटी पुन्हा उतरण्याची धावपट्टी ज्या बाजूने असेल तिकडून फिरून यायचं. “तुझे २२६ आहेत ना, ते २४० धर. वारा उलटा असला तर आणखी.” वारा उलटा म्हणजे उतरायच्या ठिकाणचा, जमिनीवरचा. ही शेवटची सूचना मी नीट ऐकली नाही.

मग उड्डाणाचे तीन तुकडे केले. वर चढताना एटीआर १७० नॉटच्या आसपासचा वेग दाखवतं. हवा विरळ होत जाते तसा खरा वेग त्याहून वाढतो, तरी सरासरी २०० च्या आतच. सोळा हजार फुटांवर जायला साधारण १४ मिनिटं, तेवढ्यात ४५ मैल. उतरताना तीनाचा पाढा : दर हजार फुटांना तीन मैल. विमानतळ स्वतःच दोन हजार फुटांवर, म्हणजे चौदा हजार फूट उतरायचं, ४२ मैल, वर वेग मारायला दहा. पंधरा मिनिटं. उरले १४३ मैल, तेवढेच काय ते पूर्ण वेगाचे.

सोळाच हजार का, सतरा का नाही, असं मी विचारलं. काका म्हणाले, “पश्चिमेकडे तोंड असलं की सम, पूर्वेकडे असलं की विषम. येताना सतरा मिळेल बघ.” समोरासमोर येणाऱ्या विमानांमधे हजार फूट राहावेत म्हणून केलेली ही साधी सोय. मला ती इतकी आवडली की नंतर चार जणांना ऐकवली.

राहता राहिला वारा. वरच्या हवेचे अंदाज सगळ्यांना बघता येतात. ५०० हेक्टोपास्कलचा (हेक्टोपास्कल हे हवेचा दाब मोजायचं एकक) नकाशा काढला तर त्यावर साधारण साडेपाच-पावणेसहा किलोमीटर उंचीचा वारा दिसतो. आमची उंची त्याहून थोडी कमी, म्हणून अंदाजाने ३० नॉट धरला, पश्चिमेकडून. वाऱ्याला तो येतो त्या दिशेचं नाव देतात, जातो तिचं नाही, हे विसरलं की सगळंच उलटं होतं. आमची दिशा २२८ अंश, वारा २७० वरून. मधे ४२ अंशांचा कोन. आलेखाच्या कागदावर काढून बघितलं : २२ नॉट तोंडावर, २० नॉट बाजूने. बाजूच्या वाऱ्यामुळे विमानाला नाक चार अंश उजवीकडे वळवून तिरकं जावं लागणार, तेव्हा कुठे ते सरळ जाईल. तोंडावरच्या वाऱ्यामुळे २७० चे २४८ होणार.

जाताना वाऱ्याने खाल्लेलं येताना परत मिळतं, असा माझा समज होता. पूर्ण मिळत नाही. उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो आणि सुलट्यात कमी, म्हणून जाण्या-येण्याची बेरीज वाऱ्याच्या दिवशी थोडी जास्तच भरते. एवढ्याशा वाऱ्यात फरक मिनिटाच्याही आतला, पण वारा विमानाच्याच वेगाचा आहे असं क्षणभर धरून बघा. येताना दुप्पट वेगाने याल हे खरं, पण त्याआधी जायला तर हवं.

सगळं मिळून माझा अंदाज असा : चढ १४, सपाट ३५, उतार १५, हवेत ६४ मिनिटं. जमिनीवर धावायला दोन्हीकडे मिळून १०. एकूण ७४. तिकिटावर ८५. काकांना दाखवलं तर म्हणाले, “ठीक आहे. तुम्हाला वेळ मिनिटांत दिसते, आम्हाला किलोत दिसायची.” इंधनाच्या किलोत. प्रवासाला लागेल तेवढं, त्यावर अडीअडचणीसाठी साधारण पाच टक्के, तिथे उतरता आलंच नाही तर दुसऱ्या विमानतळावर जाण्याचं, आणि त्याच्याही शेवटी हात न लावायचं ३० मिनिटांचं. प्रत्येक मिनिटाला वजन असतं, आणि ते वजन उचलायला पुन्हा इंधन लागतं. “म्हणून मिनिट कमी धरलं तरी पंचाईत, जास्त धरलं तरी.”

प्रवासाच्या दिवशी खिडकीची जागा घेतली, उजवीकडची. मांडीवर वही, मनगटावर घड्याळ. शेजारच्या गृहस्थांनी दोनदा माझ्या वहीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

दार बंद झालं २ वाजून ९ मिनिटांनी. मग काहीच झालं नाही. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान हललं ते २.१६ ला. विमान कंपनीचं घड्याळ इथे सुरू होतं. ठोकळे निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तिकिटावरची वेळ ही ब्लॉकची असते. गणकयंत्रं सांगतात ती फार तर हवेतली. ही एक गोष्ट आधी माहीत असती तर भाऊ पाऊण तास उभा राहिला नसता. धावपट्टीच्या टोकापर्यंत सात मिनिटं लागली. धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानांना ये-जा करायचा बाजूचा रस्ता, नव्हता, म्हणून धावपट्टीवरूनच शेवटपर्यंत जायचं आणि तिथे गर्रकन फिरायचं. मी दोन्हीकडचं मिळून १० धरलं होतं त्यातली सात इथेच संपली.

चाकं सुटली २.२३ ला. पंख्यांचा आवाज बदलला आणि अंग जरा हलकं झालं तेव्हा २.३७ झाले होते. चढाला चौदा! मी वहीत त्यापुढे एवढ्या जोरात खूण केली की कागद फाटला.

फोन विमान मोडवर असला तरी त्यातला जीपीएस नुसता ऐकणारा असतो, काही पाठवत नाही. खिडकीच्या काचेला टेकवून धरला की थोड्या वेळाने त्याला उपग्रह सापडतात. नकाशा आधी उतरवून ठेवला होता. माझ्या २४८ नॉटचे होतात ताशी ४५९ किलोमीटर. पडद्यावर ४५५ आलं, मग ४६२, मग बराच वेळ ४५८. खाली एक नदी तिरकी सरकत होती, विमानाचं नाक तिच्याहून वेगळ्याच दिशेला होतं आणि तो चार अंशांचा तिरकेपणा डोळ्यांना दिसतोय असं मला वाटत होतं. खरं म्हणजे चार अंश डोळ्यांना दिसणं कठीण. पण वाटत होतं.

उंची मात्र जुळेना. सोळा हजार फूट म्हणजे ४,८७७ मीटर, आणि फोन ५,००० च्या वर दाखवत होता. हे उतरल्यावर काकांकडून कळलं. विमान उंची हवेच्या दाबावरून मोजतं, १०१३.२५ हेक्टोपास्कल हा एकच आकडा सगळ्यांनी धरून. उष्ण दिवशी हवेचे थर फुगलेले असतात, तेव्हा ‘सोळा हजार’ प्रत्यक्षात त्याहून उंच भरतात. सगळेच सारखे चुकत असल्याने धडक होत नाही.

कान दडपले ३.१४ ला. उतार सुरू. इथून पुढची पंधरा मिनिटं धरून ३.२९. विमानतळ मला ३.२२ लाच दिसला, उजवीकडे खाली, धावपट्टी पूर्व-पश्चिम आडवी पडलेली. मी मनात म्हटलं, आलोच की. आणि विमान तिला ओलांडून पुढे निघून गेलं. शेजारचे गृहस्थ पहिल्यांदाच बोलले, “पुढे गेलं का हे?”

काकांची ती न ऐकलेली सूचना हीच होती. वर वारा पश्चिमेचा, खाली जमिनीलगत पूर्वेचा. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, म्हणजे पश्चिमेकडून आत यायला हवं, ०९ लिहिलेल्या टोकावर. (धावपट्टीवरचा आकडा म्हणजे तिची दिशा, शेवटचं शून्य काढून.) त्यासाठी पुढे जाऊन, वळून, परत. घरी येऊन नकाशावरची रेघ मोजली तर ती २५० मैल भरली. माझे २४०, आणि हे दहा त्या वळणाचे.

चाकं टेकली ३.२९ ला. ठोकळे लागले ३.३४ ला. हवेत ६६ मिनिटं, ब्लॉक ७८. माझा अंदाज चार मिनिटांनी चुकला, दोन हवेत, दोन जमिनीवर. आणि गंमत म्हणजे सहा मिनिटं उशिरा सुटलेलं विमान एक मिनिट आधी पोचलं होतं. कंपनी वाढवून लिहिते हा माझा संशय एवढ्यापुरता खरा. ८५ मधली सात मिनिटं उशीर गिळण्यासाठीच ठेवलेली. शिवाय वेळापत्रकापेक्षा १५ मिनिटांपर्यंतचा उशीर या धंद्यात ‘वेळेवर’ धरायची पद्धत आहे. मागे मला हे लबाडीचं वाटलं असतं. आता वाटतं, एकाच विमानाला दिवसभरात सात-आठ फेऱ्या मारायच्या असतील तर सकाळच्या फेरीची पाच मिनिटं संध्याकाळी तासभर होऊ नयेत म्हणून दुसरं करणार काय?

परतीचं तिकीट १ तास १५ मिनिटांचं होतं. वारा पाठीवर, उंची सतरा हजार (काका, बरोबर!), उतरायची बाजू समोरची. फोनवर ताशी ५४० दिसलं. ब्लॉक ७० भरला. त्या दिवशीच्या वहीत विशेष काही नाही.

विशेष सापडलं ते नंतर, हे सगळं उकरताना. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे असे दोन चिमुकले विमानतळ आहेत. त्यांच्यामधलं अंतर २.७ किलोमीटर, पुष्कळशा मोठ्या धावपट्ट्या याहून लांब असतात. वेळापत्रकात या उड्डाणाला दोनेक मिनिटं असतात, आणि वारा जमून आला तेव्हा ते ५३ सेकंदांतही झालं आहे. माझ्या रीतीने तिथे चढ, सपाट आणि उताराचे तुकडे करायला बसलं तर पहिलाच तुकडा विमानतळ ओलांडून समुद्रात जातो.

काकांना वही नेऊन दाखवली. त्यांनी प्रत्येक आकड्यावरून बोट फिरवलं आणि ३.३४ वर थांबले.

“भावाला किती सांगितलं होतंस?”

“तीन पस्तीस.”

“आणि दार कधी उघडलं?”

मी वही चाळली. ३.३४ नंतर काहीच लिहिलं नव्हतं. जिना लावणारा माणूस दुसऱ्या विमानाकडे गेला होता, आम्ही सगळे सामान हातात घेऊन मान वाकवून उभे होतो, आणि घड्याळाकडे बघायला माझा हात मोकळा नव्हता.